वाहनचालक नियम का मोडतो?

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे श्रीयेडेश्वरी देवीचे क्षेत्र. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचण्यासाठी येथे भाविकांची प्रचंड दाटी होते. गावाजवळूनच सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि बार्शी-कळंब रस्ताही येथेच त्याला मिळतो. पायी निघालेला भाविक, उसाचा ट्रॅक्टर आणि दूरच्या प्रांतातील मालमोटार यांची गाठ अशा ठिकाणी पडते. तेथे नियम मोडणारा चालक अज्ञानी असतो, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुतः नियम त्याला पुरेपूर ठाऊक असतो.

तो मोडण्यास त्याला अनुभवच शिकवितो. वळसा टाळण्यासाठी विरुद्ध दिशेने जाणारा दुचाकीस्वार शंभर वेळा सुखरूप घरी पोहोचतो. दर वेळी वाचलेली पाच मिनिटे हे त्याचे रोख बक्षीस ठरते; संकट मात्र उधारीवर राहते. पुढे पुढे तो धोका पत्करीत आहे, याचीही जाणीव त्याला उरत नाही.

वेगाचेही तसेच. तासभर ८० किलोमीटरच्या गतीने आलेल्या चालकास गावाजवळची ४० ची गती रांगण्यासारखी वाटते. परंतु ८० ची गती म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. आणि गती दुप्पट झाली की आघाताची ऊर्जा चौपट होते. डोळ्यांना हे गणित दिसत नाही.

त्यात आत्मविश्वासाची भर पडते. ओला स्वेन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील ९३ टक्के व स्वीडनमधील ६९ टक्के चालकांनी आपले कौशल्य निम्म्याहून अधिक चालकांपेक्षा सरस असल्याचे सांगितले होते. आपल्याकडील कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारले, तर उत्तर निराळे येईल असे वाटत नाही!

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील दंड वाढविण्यात आले. मात्र दंड किती, यापेक्षा आपण पकडले जाऊ की नाही, याचाच हिशेब चालक अधिक करतो. म्हणून अधूनमधूनच्या मोठ्या मोहिमेपेक्षा त्याच चौकातील रोजची तपासणी परिणामकारक ठरते.

आणखी एक कारण घरातच असते. नववीतील मुलगा मोटारसायकल चालवू लागला की त्याचे कौतुक होते. अल्पवयीनाच्या अशा गुन्ह्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंडाची तरतूद याच दुरुस्तीने झाली आहे. ग्रामसभेत ती वाचून दाखविता येईल. शाळेच्या फाटकाशी लावलेल्या दुचाकी तर शिक्षकांना रोजच दिसतात.