आधी रेघ, मग कपाट

नागपूरच्या नंदनवनसारख्या वस्तीत स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं, की घरात चर्चा होते ती सनमायकाच्या रंगाची, प्लायच्या दर्जाची आणि ट्रॉल्यांच्या संख्येची. कपाटाचं दार नीट लागेल की नाही, हे मात्र सामान घरात येण्याआधी भिंतीवर मारलेल्या एका आडव्या रेघेवर ठरतं. ती रेघ लागते, कारण फरशीवर विसंबता येत नाही. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून स्वयंपाकघराला अनेकदा सांडपाण्याच्या जाळीच्या दिशेने मुद्दाम उतार दिलेला असतो. शिवाय विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला, तरी तळमजल्याची फरशी भरावावरच टेकलेली असते; भराव नीट ठोकलेला नसेल तर ती भिंतींना सोडून खचते.

फरक डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो क्षुल्लक वाटतो, पण हिशोब करून पाहा. 60 सेंटिमीटर रुंदीचं कपाट एका बाजूने फक्त 6 मिलिमीटर खाली गेलं, तर 72 सेंटिमीटर उंचीवर ते 7 मिलिमीटरहून अधिक कलतं. शेजारच्या दोन दारांमधली फट साधारण 3 मिलिमीटरच ठेवलेली असते. म्हणजे दारं एकमेकांना घासणार आणि ट्रॉली उताराकडे आपोआप सरकणार. बिजागरीचे स्क्रू फिरवून हे दुरुस्त होतं, असं अनेकांना वाटतं. पण त्या स्क्रूंनी दार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हलतं. कललेलं खोकं कललेलंच राहतं.

म्हणून साधारण एक मीटर उंचीवर सगळ्या भिंतींवर एकच समपातळीची रेघ मारावी आणि तिच्यापासून फरशीपर्यंतचं अंतर जागोजागी मोजावं. जिथे ते सर्वांत कमी, तिथे फरशी सर्वांत उंच. कपाटांची उंची त्या जागेवरून ठरवावी आणि बाकीची कपाटं त्यांच्या खालचे स्क्रूचे पाय फिरवून तिथवर वर आणावीत. उंचवटा छाटता येत नाही, खोलगटपणा मात्र पायांनी भरून काढता येतो. वरची कपाटंही त्याच रेघेवरून मोजून टांगावीत. भिंत ओळंब्यात नसेल तर स्क्रूच्या जागी मागे पट्टी सारावी. कपाट भिंतीला ओढून आवळलं तर खोकं पिळतं आणि त्याचे दोन कर्ण सारखे राहत नाहीत. जुना ओटा ठेवायचा असेल तर तोही आधी या रेघेशी ताडून पाहावा.

ही रेघ मारायला लेझर यंत्र महाग पडतं, ही अडचण खरी आहे. पण पारदर्शक नळीत पाणी भरून तेच काम होतं. नळीत बुडबुडा नको आणि तिचा एक भाग उन्हात नको, कारण तापलेलं पाणी हलकं होऊन जास्त उंच चढतं. नागपूरच्या मे महिन्यात ही चूक काही मिलिमीटरची होऊ शकते. पाणसळ वापरायची तर ती उलटसुलट ठेवून बुडबुडा त्याच जागी थांबतो का, ते पाहावं.

जमीन हलणारच असेल तर एवढी मेहनत कशाला, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पण हलणाऱ्या जमिनीवरच फिरते पाय आणि काढता येणारं स्कर्टिंग यांचा खरा उपयोग होतो. पहिल्या पावसाळ्यानंतर पातळी तपासून पाय पुन्हा फिरवता येतात. सिमेंटात पक्कं केलेल्या कपाटाला ती सोय नसते. सुताराशी दर ठरवताना या मोजमापाचा वेळ धरावा आणि पहिलं कपाट ठेवण्याआधी भिंतीवरची रेघ स्वतः पाहून घ्यावी.