पिशवीभर खडे आणि संख्याशास्त्राचे पहिले वर्ष

बारावीनंतर महाविद्यालयात गेलेली मुले दिवाळीच्या सुट्टीत शाळेकडे चक्कर टाकतात. अशीच एक विद्यार्थिनी मध्यंतरी भेटायला आली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्राचा एक पेपर घेतला होता. "सर, स्टॅटिस्टिक्स तसं सोपं आहे. सूत्रं पाठ केली की झालं," ती म्हणाली. वही नीटनेटकी होती. सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सगळे तक्ते रेघा मारून आखलेले आणि उत्तरे बरोबर.

वहीतले एक उदाहरण असे होते. एका तालुक्यातली २५ शेते निवडली. तिथल्या ज्वारीच्या एकरी उत्पादनाची सरासरी ८ क्विंटल आली आणि प्रमाण विचलन २ क्विंटल. मग २ ला २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने भागून प्रमाण त्रुटी ०.४ क्विंटल काढली होती. मी विचारले, "हा २ आणि हा ०.४, दोन्ही कशाचे आकडे आहेत?"

"चुकीचे. म्हणजे, किती चूक असू शकते त्याचे."

"मग २ क्विंटलची चूक कोणी केली? शेतांनी?"

ती हसली, पण उत्तर काही आले नाही. दोष तिचा नव्हता. शाळेत दहा-बारा वर्षे आपण जे गणित शिकवतो, त्यात एका प्रश्नाला एकच उत्तर असते. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला प्रथमच सांगितले जाते की तोच प्रश्न, तीच पद्धत, तरी नमुना बदलला की उत्तर बदलणार. ही नवी सवय लावायची असते, आणि नेमकी तीच सूत्रांच्या गर्दीत राहून जाते. महाविद्यालयात जाण्यापूर्वीच ती लावता आली तर? त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. खर्च जवळजवळ शून्य.

प्रयोग

नदीकाठचे किंवा मैदानातले १०० खडे गोळा करा. बहुतेक लहान, काही मध्यम आणि थोडे चांगले मुठीएवढे असावेत. प्रत्येकावर रंगाने १ ते १०० क्रमांक घाला. प्रयोगशाळेतल्या तराजूवर प्रत्येकाचे वजन करून तक्ता बनवा आणि तो आपल्याजवळच ठेवा. शंभरांच्या वजनाची खरी सरासरी आता तुम्हाला ठाऊक आहे, मुलांना नाही.

खडे टेबलावर पसरा. प्रत्येक विद्यार्थ्याने नजरेने, आपल्याला योग्य वाटतील असे, सगळ्या ढिगाचे प्रतिनिधित्व करतील असे ५ खडे निवडावेत, त्यांच्या वजनाची सरासरी काढावी आणि फळ्यावरील संख्यारेषेवर एक फुली मारावी. चाळीस मुले, चाळीस फुल्या.

आता दुसरी फेरी. १ ते १०० क्रमांकांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला. प्रत्येकाने न पाहता एक चिठ्ठी काढावी, क्रमांक लिहून ती परत डब्यात टाकावी, डबा हलवावा आणि असे पाच वेळा करावे. त्या पाच खड्यांची सरासरी संख्यारेषेवर वेगळ्या रंगात मांडावी.

शेवटी खरी सरासरी कुठे आहे ते दाखवा. चिठ्ठ्यांच्या फुल्या तिच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या दिसतील, काही बऱ्याच लांबसुद्धा. नजरेने निवडलेल्यांच्या फुल्या मात्र बहुधा एकाच बाजूला, जास्तीकडे सरकलेल्या असतील. मोठा खडा डोळ्यात भरतो, हातात चांगला येतो. बारीक खडे संख्येने जास्त असूनही आपण त्यांना त्यांचा वाटा देत नाही. मुले प्रामाणिकपणे निवडतात, तरीही असे होते.

इथे मुलांना दोन वेगवेगळ्या चुका डोळ्यांनी दिसतात. एक, उत्तराचे इकडेतिकडे हेलकावणे. दुसरी, सगळ्याच उत्तरांचे एका बाजूला झुकणे. या दुसरीला इंग्रजीत बायस म्हणतात. आपण तिला झुकाव म्हणू.

नमुना वाढवला तर?

आता तिसरी फेरी: प्रत्येकाने पाचऐवजी २० चिठ्ठ्या काढाव्यात. फुल्या खऱ्या सरासरीभोवती जवळ येतील. त्यांचा पसारा सुमारे निम्मा होईल, कारण नमुना चौपट केला आणि ४ चे वर्गमूळ २. हेलकावा निम्मा करायचा तर मेहनत चौपट, दहावा हिस्सा करायचा तर मेहनत शंभरपट, असा हा हिशेब आहे.

माझ्या विद्यार्थिनीचा गोंधळ इथे सुटतो. खड्यांची वजने मुळातच कमीजास्त आहेत. तो कमीजास्तपणा म्हणजे प्रमाण विचलन. तुम्ही पाच खडे घ्या की पाचशे, ढिगातली विविधता ढिगाचीच राहते. तिच्या वहीतले २ क्विंटल म्हणजे चूक नव्हेच. एका शेतात काळी जमीन, दुसऱ्यात मुरमाड, एकाला पाणी, दुसऱ्याला नाही, असा तो शेताशेतांतला फरक आहे. ०.४ क्विंटल मात्र आपल्या सरासरीचा हेलकावा आहे. दुसऱ्या कोणी दुसरी २५ शेते निवडली असती तर सरासरी साधारण किती हलली असती, ते तो आकडा सांगतो. शंभर शेते घेतली तर २ तसाच, जवळपास तेवढाच राहील, पण ०.४ चा ०.२ होईल.

चौथी फेरी मुद्दाम घ्या: नजरेने २० खडे निवडायचे. फुल्या एकमेकींच्या जवळ येतील, पण बहुधा चुकीच्याच जागी. नमुना वाढवल्याने हेलकावा घटला, झुकाव तसाच राहिला. उलट आता सगळ्यांची उत्तरे एकमेकांशी जुळल्याने ती बरोबर असल्याचा भास जास्त पक्का झाला.

चोवीस लाखांची चूक

हे खड्यांपुरतेच नाही. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदासाठी फ्रँकलिन रूझवेल्ट आणि आल्फ्रेड लँडन यांच्यात लढत होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि जवळजवळ २४ लाख परत आल्या. त्यांवरून रूझवेल्ट यांना ४१ टक्क्यांच्या आसपास मते मिळतील आणि लँडन निवडून येतील असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते पडली.

नमुन्यातून टक्केवारी काढताना हेलकाव्याची मर्यादा ढोबळ मानाने १ भागिले नमुन्याच्या आकाराचे वर्गमूळ इतकी असते. हजार माणसांच्या नमुन्याला ती ३ टक्क्यांच्या आसपास येते. २४ लाखांना ती एका टक्क्याच्या पंधराव्या हिश्श्याइतकी येते. आणि झालेली चूक २० टक्क्यांची! कारण नावे टेलिफोन आणि मोटारींच्या यादीतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी सुस्थितीतल्या घरी जास्त असायच्या. शिवाय मतपत्रिका परत पाठवण्याचे कष्ट घेणारे आणि न घेणारे लोकही सारखे नव्हते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्टच जिंकतील असे बरोबर सांगितले होते. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

एक पाऊल शेताच्या बांधावर

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुण्यात शिकून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. जेर्झी नेमन तिथे होते. नजरेने निवडलेला नमुना आणि यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेला नमुना, यांतला फरक नेमन यांनी १९३४ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात मांडला होता. सुखात्मे यांनी त्याच विषयावर काम केले आणि भारतात परतल्यावर पीक उत्पादनाचा अंदाज घेण्याचा प्रश्न हाती घेतला.

पीक मोजायचे तर सगळी शेते कापून तोलता येत नाहीत. म्हणून चिठ्ठी पद्धतीने शेत निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून मळून तोलायचे. हाच पीक कापणी प्रयोग. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस लहान वर्तुळाकार तुकडे वापरत. लहान तुकडा झटपट कापून होतो, म्हणून तेवढ्याच खर्चात जास्त ठिकाणे घेता येतात आणि हेलकावा घटतो, असा त्यांचा विचार होता. तोही चूक नव्हता. सुखात्मे यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून तुलना केली. तुकडा जितका लहान, तितके एकरी उत्पादन जास्त निघत होते. हे निष्कर्ष १९४६ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? रेषेवर आलेले ताट आत धरायचे की बाहेर? शंका आली की माणसाचा हात ते आत ओढतो. हिशेब मुलांकडूनच करून घ्या. ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले आणि कडेची ३ सेंटिमीटरची पट्टी नकळत आत आली, तर त्रिज्या ६३ झाली. ६३ चा वर्ग भागिले ६० चा वर्ग, म्हणजे १.१०. उत्पादन दहा टक्के फुगले. ५ मीटर बाजूच्या चौरसात चारी बाजूंना तेवढीच पट्टी आत आली तर वाढ अडीच टक्क्यांहूनही कमी. लहान तुकड्याला क्षेत्रफळाच्या मानाने कड फार असते, एवढेच त्याचे कारण. आणि असे हजार तुकडे कापले तरी ते दहा टक्के कमी होत नाहीत. आज पुष्कळ पिकांसाठी ५ बाय ५ किंवा १० बाय ५ मीटरचे मोठे तुकडे घेतात, त्यामागे हा अनुभव आहे.

या दहा टक्क्यांनी कोणाचे काय बिघडते? २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मंडळाचे किंवा गावाचे सरासरी उत्पादन ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा मोठा आधार असतो. उंबरठा उत्पादनापेक्षा प्रत्यक्ष उत्पादन जितके टक्के कमी, विमा रकमेच्या तितके टक्के भरपाई, असे या हिशेबाचे मूळ सूत्र आहे. समजा, उंबरठा १० क्विंटल, खरे उत्पादन ८ क्विंटल आणि विमा रक्कम ४०,००० रुपये. तूट २० टक्के, भरपाई ८,००० रुपये. मोजमाप दहा टक्के फुगले तर ८ चे ८.८ झाले, तूट १२ टक्के, भरपाई ४,८०० रुपये. तीन सेंटिमीटरच्या पट्टीने ३,२०० रुपये गेले.

हुशार विद्यार्थी इथे अडवेल: "पण सर, उंबरठाही मागच्या वर्षांच्या अशाच प्रयोगांवरून काढलेला असेल ना? मग तोही फुगलेला." त्याला शाबासकी द्या. दोन्ही आकडे सारखेच फुगले तर ११ आणि ८.८, तूट पुन्हा २० टक्केच. झुकाव कायम असेल तर तुलनेत तो कटून जातो. घात होतो तो पद्धत मध्येच बदलली, माप बदलले, मोजणारे हात बदलले म्हणजे. म्हणून नोंदीत फक्त आकडा पुरत नाही, तो कसा मोजला हेही हवे.

वहीतली न वाचलेली ओळ

माझ्या विद्यार्थिनीला मी तिच्या पुस्तकातले प्रमाण त्रुटीचे पान पुन्हा उघडायला लावले. सूत्राच्या आधी एक ओळ होती: "समजा, एक यादृच्छिक नमुना घेतला आहे." तिच्या वहीत ती ओळ नव्हतीच, थेट सूत्र होते. तिचेही खरे आहे, परीक्षेत त्या ओळीला गुण नसतात. पण खड्यांच्या पहिल्या फेरीतही सूत्र बिनतक्रार चालते. नजरेने निवडलेल्या पाच खड्यांचे प्रमाण विचलन निघते, प्रमाण त्रुटी निघते, उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत येते. झुकाव मात्र त्यात कुठेच दिसत नाही. तो हाती आलेल्या आकड्यांत नसतो, आकडे कसे हाती आले यात असतो.

तेव्हा या वाटेने जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तीन प्रश्नांची शिदोरी देऊ या. मोजलेल्या वस्तूंत आपसांत फरक किती? आपली सरासरी किती हेलकावते? आणि या वस्तू कोणी, कशा निवडल्या, कशा मोजल्या? पहिल्या दोन प्रश्नांना सूत्रे आहेत आणि ती महाविद्यालयात शिकवली जातील. तिसऱ्याला सूत्र नाही. तिथे शेतावर जाऊन, यादी तपासून, मोजणाऱ्याशी बोलूनच उत्तर मिळते.

ती विद्यार्थिनी जाताना म्हणाली, "मग त्या उदाहरणातली २५ शेते कोणी निवडली होती?" पुस्तकात तसे काहीच लिहिलेले नव्हते. पण प्रश्न तिने स्वतः विचारला होता.