संगणक पुन्हा चालू केल्यावर कर्नलची सेटिंग का पुसली जाते?



समजा, क्रांती चौकातल्या एखाद्या शाळेत २ जीबी रॅमचे जुने संगणक आहेत आणि त्यांवर उबुंटू टाकलंय. मुलांनी ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो आणि माउस अडखळतो. रॅम अपुरी पडली की लिनक्स त्यातला काही भाग डिस्कवरच्या स्वॅपमध्ये हलवतं. हे किती उत्साहानं करायचं, ते कर्नलचा 'स्वॅपिनेस' हा आकडा ठरवतो. मूळ आकडा ६०. जुन्या फिरत्या डिस्कवर बरेच जण तो १० करतात. (यानं रॅम वाढत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.)

टर्मिनलमध्ये सिसकंट्रोल ही आज्ञा (टाइप करताना एस-वाय-एस-सी-टी-एल) वापरून आकडा बदलला की तो लगेच लागू होतो. पण प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी वीज जाऊन आली, की सगळ्या संगणकांवर पुन्हा ६०!

असं का होतं? सिसकंट्रोल जिथे लिहितं ते 'प्रॉक' फोल्डर दिसायला फोल्डर असलं, तरी डिस्कवर नसतंच. चालू कर्नलच्या स्मृतीत डोकावायची ती खिडकी आहे. म्हणजे आपण फळ्यावर लिहिलं, वहीत नाही.

वहीत लिहायचं तर 'ईटीसी' फोल्डरात 'सिसकंट्रोल डॉट डी' नावाचं फोल्डर असतं. तिथे सुडो लावून '९९-शाळा डॉट कॉन्फ' अशी फाइल बनवा आणि तीत एकच ओळ लिहा: व्हीएम डॉट स्वॅपिनेस, बरोबरचं चिन्ह, १०. अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचे. बूट होताना सिस्टमडी या फायली वाचून आकडे कर्नलला देतं. तेवढ्यासाठी रीस्टार्ट नको असेल, तर सुडो सिसकंट्रोल, मग दोन हायफन लावून सिस्टम, ही आज्ञा द्या.

नावातले ९९ उगाच नाहीत. फायली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोनदा आली तर शेवटची टिकते. क्रम अक्षरांचा असतो, संख्येचा नाही. त्यामुळे १०० ने सुरू होणारी फाइल ९९ च्या आधी वाचली जाते! मुलांना हे जरूर दाखवा, त्यांना फार मजा वाटते.

जुन्या पुस्तकांत 'सिसकंट्रोल डॉट कॉन्फ' या एकाच फाइलमध्ये लिहायला सांगितलेलं असतं. डेबियन १३ पासून (२०२५) बूट होताना सिस्टमडी ती वाचत नाही, म्हणून वेगळ्या फाइलचीच सवय लावा.

आता संगणक खरोखर रीस्टार्ट करा आणि सिसकंट्रोलपुढे व्हीएम डॉट स्वॅपिनेस लिहून आकडा विचारा. १० आलं तर झालं. ६० आलं तर आधी फाइलच्या नावाचा शेवट बघा: 'डॉट कॉन्फ'ऐवजी 'डॉट टीएक्सटी' असेल, तर ती कोणी वाचतच नाही.