विद्यापीठ उभारावयाचें म्हणजे काय?



सोलापुरांतून पुण्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शहराची दाटी मागें पडते आणि केगांवच्या माळावर विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर दिसूं लागतो. गाडींतून जाणारा गृहस्थ इमारतींवरून एकवार नजर फिरवितो आणि 'विद्यापीठ बरेंच वाढलें' किंवा 'अजून पुष्कळ व्हावयाचें आहे' असा अभिप्राय देऊन मोकळा होतो. परंतु दिसणारी इमारत ही शेवटची पायरी होय. तिच्या आधीं आराखडा असतो, आराखड्याच्या आधीं गरज असते. आणि ती गरज कोणाची, हा सर्वांत पहिला प्रश्न. त्याच प्रश्नासंबंधीं आज आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम थोडें मागें वळून पाहूं. १९४० सालीं सोलापुरांत दयानंद महाविद्यालय निघालें, तेव्हां पदवी मिळावयाची ती मुंबई विद्यापीठाची. १९४९ सालीं पुण्यास विद्यापीठ झालें आणि १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन सोलापूर जिल्हा त्याच्याकडे गेला. पुढें त्याच विद्यापीठाचें पदव्युत्तर केंद्र सोलापुरास आलें. तरीहि मुख्य कचेरी राहिली ती दोनशें किलोमीटरांहून दूर. गुणपत्रिकेंतील एक अक्षर दुरुस्त करून घ्यावयाचें, तरी प्रवासाचा खर्च आणि दोन दिवसांची रजा पदरीं धरूनच निघावें लागे. १ ऑगस्ट २००४ रोजीं सोलापूर विद्यापीठ स्थापन झालें, आणि हें अंतर तुटलें. २०१९ सालीं त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचें नांव देण्यांत आलें.

या विद्यापीठाचें वैशिष्ट्य असें कीं, त्याचें क्षेत्र एकाच जिल्ह्याचें आहे. तालुके अकरा, पण करमाळा आणि अक्कलकोट यांत केवढा फरक! कोठें ऊंस, कोठें डाळिंब, कोठें पावसाकडे डोळे लावून बसलेली ज्वारी. खुद्द शहरांत यंत्रमागाचा खडखडाट, आणि घरोघरीं मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू अशा चार भाषा. विद्यापीठाचें क्षेत्र लहान असणें हें कित्येकांना उणें वाटतें. मला तें सोयीचें वाटतें. ज्याला आपलें सारें घर एका नजरेंत दिसतें, त्याला घराची आखणी चांगली करतां आली पाहिजे.

ही आखणी करतें कोण? महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें दर पांच वर्षांचा एक बृहत् आराखडा सांगितला आहे. कोणत्या तालुक्यांत कोणत्या शिक्षणाची उणीव आहे, नवें महाविद्यालय कोठें निघावें, हें त्यांत ठरतें; त्यांत न बसणाऱ्या महाविद्यालयाचा अर्ज विचारांत घेतां येत नाहीं. अधिष्ठाता मंडळ हा आराखडा तयार करतें. विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद व अधिसभा यांच्यापुढून तो जातो आणि शेवटीं राज्याच्या आयोगाकडे पोंचतो. बांधकामासाठीं निराळी समिति असते, आणि वर्षाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढें येतो. ही वाट लांबलचक दिसते खरी. पण सार्वजनिक पैसा एका मनुष्याच्या लहरीवर खर्च होऊं नये, म्हणूनच ती लांब ठेविलेली आहे.

आतां कागदावरून जमिनीवर येऊं. सोलापूरचा उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि परीक्षाहि बहुधा त्याच सुमारास येतात. येथें इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेस काढल्या, तर दुपारचें कलतें ऊन वर्गांत शिरत नाहीं. जिल्ह्यांतील काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जागीं पाया मुरुमापर्यंत नेला नाहीं, तर चार वर्षांत भिंतींना तडे जातात. पायाचा खर्च कोणास दिसत नाहीं. म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड आधीं त्याच्यावर पडण्याचें भय असतें.

पाण्याचा हिशेब तर प्रत्येकानें स्वतः करून पाहावा. जिल्ह्याचा पाऊस सरासरीनें सुमारें ५५० मिलिमीटर. एक हजार चौरस मीटर गच्चीवर वर्षांत साडेपांच लाख लिटर पाणी पडतें. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें, तरी चार लाख चाळीस हजार लिटर उरतें. तें पन्हळींतून हौदांत किंवा विहिरीच्या पोटांत सोडावयाचें, कीं गटारांत? बाराव्या शतकांत सिद्धेश्वरांनीं या नगरींत तळें खोदविलें. अहिल्यादेवींनीं देशभर विहिरी व घाट बांधविले. तें नांव कमानीवर कोरणाऱ्या संस्थेच्या शिरावर पाण्याचें ऋण दुप्पट आहे.

परंतु दगड, माती व पाणी यांहूनहि नाजूक असा एक भाग राहिला. करमाळ्याकडील एखाद्या खेड्यांतील मुलगी डोळ्यांपुढें आणा. तिचें गांव शंभर किलोमीटरांहून दूर. तेव्हां वसतिगृहांत जागा मिळाली तरच तिचें पुढचें शिक्षण, नाहीं तर तिचा संसार थाटण्याची घाई घरांत सुरू होते. मोहोळची मुलगी रोज येऊं-जाऊं शकेल. पण संध्याकाळची प्रयोगशाळा सुटल्यावर रस्त्यावर दिवा आहे काय, आणि परतीची बस थांबते काय, यावर तिच्या वडिलांची संमति अवलंबून राहील. अभ्यासक्रम कितीहि उत्तम असो, त्याचें दार या दोन साध्या गोष्टींनीं उघडतें किंवा बंद होतें. म्हणून सुधारणांची यादी करतांना सभागृहाच्या आधीं वसतिगृह, आणि कमानीच्या आधीं दिवा व बसथांबा लिहिला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, सभागृहाशिवाय विद्यापीठाला शोभा कशी? शोभा हवीच. पण नवें बांधण्यास जसा निधि मिळतो, तसा जुनें सांभाळण्यास सहसा मिळत नाहीं. गळकी गच्ची, बंद पडलेला पंप, कोरडी झालेली पाण्याची टांकी यांचें उद्घाटन होत नसतें. यासाठीं प्रत्येक नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकाबरोबरच तिच्या वार्षिक डागडुजीची रक्कमहि मांडली जावी, हें उत्तम.

शेवटीं आपल्यासारख्या सुशिक्षित घरांचें कर्तव्य. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधि मतानें निवडून पाठवितात, ही गोष्ट कित्येक घरांत माहीतहि नसते. पदवीचें प्रमाणपत्र चौकटींत बसवून आपण भिंतीवर लावतों. नांवनोंदणीचा अर्ज मात्र भरीत नाहीं. आणि मग गाडींतून जातां जातां अभिप्राय देतों! तो अर्ज भरावा, आराखडा मागून वाचावा, आणि आपल्या प्रतिनिधीला एवढेंच विचारावें, 'करमाळ्याच्या त्या मुलीची सोय यांत कोणत्या पानावर आहे?' तें पान सांपडलें, तर इमारती उशिरा उठल्या तरी चालेल. विद्यापीठ मात्र उभें राहिलें असें खुशाल समजावें.