सायकलला इंजिन, पण टायर किती रुंद?

सायकलला इंजिन बसवले की जाड टायर बसवण्याचीही इच्छा होते. पण इंजिनाची चेन त्या टायरला घासू लागली तर हौस जिवावर बेतू शकते.

पेडल मारायचे कष्ट नकोत आणि मोटारसायकलचा खर्चही नको, असे वाटणाऱ्यांनी सायकलला इंजिन जोडण्याचे प्रयोग पूर्वीपासून केले आहेत. फ्रान्समध्ये १९४६ साली बाजारात आलेल्या वेलोसोलेक्सचे इंजिन पुढच्या चाकावर असे आणि एक छोटा रोलर थेट टायरला फिरवी. त्यामुळे इंजिनाच्या चेनचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे १९७२ साली आलेल्या लूनालाही पेडल होते, पण ती कारखान्यातूनच तयार होऊन येई. चेन, चाक आणि टायर यांचे माप आधीच जुळवलेले असे.

साध्या सायकलवर सुटे इंजिन चढवताना मात्र हे माप स्वतःच जुळवावे लागते. अमेरिकेत ४८ किंवा ६६ सीसीची चिनी बनावटीची टू-स्ट्रोक इंजिने आणून घरच्या गॅरेजमध्ये सायकलवर बसवणारे हौशी लोक बरेच आहेत. जाड टायरच्या ‘क्रूझर’ सायकली त्यांच्या विशेष आवडीच्या. ते स्वाभाविकही आहे. साध्या सायकलला शॉकअब्सॉर्बर नसतात. इंजिनाची थरथर आणि रस्त्यावरचे खड्डे सोसण्यासाठी जाड टायर बरा वाटतो.

अडचण कुठे येते?

पेडलची चेन उजव्या बाजूला असते, म्हणून इंजिनाची चेन डाव्या बाजूने जाते. मागच्या चाकाच्या आऱ्यांवर रबरी चकत्या ठेवून नऊ बोल्टांनी एक दातेरी चक्र आवळलेले असते. चेनला टायर आणि सायकलचा दांडा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जावे लागते. पावणेदोन इंची टायर सुमारे ४४ मिलीमीटर रुंद असतो, तर सव्वादोन इंचांच्या जवळपास जाणारा २.१२५ इंची टायर ५४ मिलीमीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला जवळजवळ ५ मिलीमीटर जागा कमी होते. नेमकी तेवढीच जागा चेनला हवी असते.

घासणारी चेन टायरची कड हळूहळू कापत जाते आणि एक दिवस टायर फुटतो. चेन उतरून आऱ्यांत अडकली, तर मागचे चाक जागीच जाम होते. वेगात असताना असे झाल्यास काय होईल, ते सांगायला नको.

उपाय क्रमाने करावेत

सर्वांत आधी चाकाचा ‘आउट’ काढून घ्यावा. उजवे आरे थोडे आवळून आणि डावे तेवढेच सैल करून रिम दोनतीन मिलीमीटर उजवीकडेही सरकवता येते. हे काम दातेरी चक्र बसवण्यापूर्वी आणि जाणत्या सायकल मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. नंतर ब्रेक पुन्हा जुळवावे लागतात.

पुष्कळदा दातेरी चक्र सपाट नसते, थाळीसारखे किंचित खोलगट असते. ते उलटे बसवले की दाते बाहेरच्या बाजूला येतात आणि चेन टायरपासून दूर जाते. मात्र ते दांड्याला लागत नाही ना, हे पाहावे. इंजिनाकडचे आणि चाकाकडचे दातेरी चक्र एका रेषेत राहिले पाहिजे, नाहीतर चेन उतरते. नऊही बोल्ट सारखे आवळावेत. चक्र वाकडे बसले तर चाकाच्या प्रत्येक फेरीत चेन एकदा टायरला लागते.

चेन ताणून धरणारा रोलर डाव्या दांड्यावर असतो. चेन टायरपासून लांब ठेवण्यासाठी काहीजण तो बाहेरच्या बाजूला तिरका करतात. हे धोक्याचे आहे. रोलर सैल होऊन आऱ्यांत घुसू शकतो. त्यापेक्षा चेनच्या कड्या कमी करून तिची लांबी बरोबर करावी आणि रोलरवर कमीत कमी भार ठेवावा. जागा करण्यासाठी दांडा ठोकून चेपवणे किंवा तापवून वाकवणे तर मुळीच नको. तिथेच सायकल कमजोर होते.

टायरमध्ये पूर्ण हवा भरून, चाक हाताने फिरवून, चेन आणि टायर यांच्यात निदान अर्धा सेंटीमीटर फट राहते का ते पाहावे. राहत नसेल, तर अरुंद टायर लावणे हाच खरा उपाय. आरामासाठी गादीची सीट बसवता येते.

कायदाही लक्षात घ्या

घरातला मुलगा असा बेत आखत असेल तर पालकांनी आणखी एक गोष्ट त्याच्या कानावर घालावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला २५ सीसीपर्यंतचे इंजिन असेल, तरच ते ‘मोटार वाहन’ ठरत नाही. ४८ किंवा ६६ सीसीचे इंजिन बसवले की नोंदणी, विमा आणि परवाना यांचा प्रश्न येतो.

म्हणून जाड टायर विकत घेण्यापूर्वी हातात पट्टी घ्यावी आणि चेनजवळची जागा मोजावी. दोन मिनिटांचे हे काम पुढचे पैसे आणि अपघात, दोन्ही वाचवू शकते.