एड्सची लस अजून का नाही?

गणेशोत्सवात आरतीनंतर चहा घेताना एका काकांनी विचारले, "कोविडची लस वर्षभरात आली, मग एड्सची चाळीस वर्षांत का नाही?" मी डॉक्टर नव्हे, संगणक अभियंता. पण प्रश्न डोक्यात राहिला. वाचून जे समजले ते थोडक्यात देत आहे.

१९८४ साली अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी दोनेक वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशा व्यक्त केली होती. ती फोल ठरली. याचे कारण विषाणूच्या स्वभावात आहे. कोविडचे बहुतेक रुग्ण बरे होतात, म्हणजे शरीराला तो विषाणू हटवता येतो. लस तोच धडा आधी शिकवते. एचआयव्हीला मात्र शरीर आपणहून सहसा हटवू शकत नाही. हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो, त्यामुळे त्याचे रूप पालटत राहते. शिवाय रोगाशी लढणाऱ्या पेशींतच शिरून तो त्यांच्या गुणसूत्रांत आपली प्रत लिहून ठेवतो.

या शोधात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००५ मध्ये भारतातील अशा लशीची पहिली चाचणी सुरू झाली. त्यासाठी ३० निरोगी स्वयंसेवक पुढे आले. लशीत एचआयव्ही विषाणू नव्हता, त्यामुळे तिच्यातून लागण होणे शक्य नव्हते. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकारशक्ती फारशी जागी झाली नाही. थायलंडमध्ये सुमारे १६,००० जणांवर झालेल्या चाचणीत २००९ साली ३१ टक्के संरक्षण दिसले, पण तेही अपुरेच. त्याच धर्तीची दक्षिण आफ्रिकेतील चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली.

तोवर आपण हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१८ पासून 'प्रेप' या प्रतिबंधक गोळ्यांना फार्मॅकचे अनुदान आहे. लागण झालेल्या व्यक्तीने औषध नियमित घेतले आणि रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

लस नाही, पण उपाय आहेत. आपले घोडे अडते ते संकोचापाशी. शंका असल्यास आपल्या जी.पी.कडे तपासणी मागून घ्यावी. काकांनाही मी हेच सांगितले.