रुपयातले पैसे कुठे जातात?

नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या शिवारातला टोमॅटो क्रेटमध्ये भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत जातो. ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात आणि कांद्याचे ३६. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासनिबंधातला हा देशपातळीवरचा अंदाज आहे. बाकीचे पैसे वाहतूक, हमाली, आडत, नासाडी आणि नफा यांत वाटले जातात.

हा प्रश्न आजचा नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३३ मध्येच पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली होती. बागेपासून गिऱ्हाइकापर्यंत माल किती हातांतून जातो, हे त्यात तपासले होते.

त्याआधी कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास केला. १७७१ मध्ये तिथे सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होती. एवढ्याशा तुकड्यावरचा माल घेऊन एकट्याने आलेला माणूस भावासाठी अडून बसू शकत नाही.

त्यात कर्जाचीही भर होती. रिझर्व्ह बँकेने केलेल्या देशातल्या ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला. त्यानुसार शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता, तर सावकारांचा सुमारे ७०. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया एकत्र बांधल्याशिवाय शेतकरी सुटणार नाही, हा त्या अहवालाचा गाभा होता.

एकत्र येण्याने काय साधते, हे ओझरने पाण्याच्या बाबतीत दाखवून दिले आहे. वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतांपर्यंत पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना जोडले, पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या आणि पाणी मोजून मिळू लागले. २००५ मध्ये राज्याने अशा संस्थांसाठी कायदाही केला.

पाण्याची पाळी एकजुटीने मिळवणाऱ्या गावांनी आता मालाची विक्रीही तशीच बांधावी. नाशिकच्या महाविद्यालयांनी त्यासाठी इथल्या क्रेटचा प्रवास पैशापैशाने नोंदवावा. आपला पैसा कुठे झिरपतो याचा लेखी पुरावा हाती असेल, तर शेतकरी बाजार समितीत विनंती करणार नाही, हिशेब मागेल.